आधी नाव, मग लोगो: घरगुती मसाल्याचा ब्रँड उभा करताना

घरगुती मसाला, लोणचं, भाजणी विकायला काढणारं कुणीही मला फोन करतं, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, लोगो कुणाकडून करून घेतला?" लोगोचं नंतर बघू, नाव काय ठरलंय ते सांगा, असं मी विचारते. घरचा अमुक, अस्सल तमुक, आईच्या हातचं काहीतरी, अशी उत्तरं येतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.

आमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या नावात "गावरान" होतं. कांडपावर भेटणाऱ्या बायकांना आवडलं, पाहुण्यारावळ्यांना आवडलं, एका बिझनेस कोचने तर "इमोशनल कनेक्ट आहे" म्हणून पाठ थोपटली. मग पुण्यातल्या एका प्रदर्शनात एक बाई स्टॉलवर आल्या आणि अर्धी संपलेली पिशवी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मागच्या वेळचा मसाला खवट निघाला हो तुमचा." लाल-पिवळं लेबल, सुपात मिरच्या, वर मोठ्या अक्षरात गावरान. मागे पत्ता मात्र दुसऱ्याच जिल्ह्यातला. मी पत्त्यावर बोट ठेवून दाखवलं. "असेल बाई, पण नाव तर तेच आहे," म्हणून त्या पुढच्या स्टॉलला गेल्या.

हे नीट समजून घ्या, कारण नव्या लोकांपैकी बहुतेक जण इथेच अडकतात. ट्रेड मार्क्स ॲक्ट 1999, म्हणजे ब्रँडचं नाव किंवा चिन्ह आपल्या नावावर नोंदवायचा कायदा, त्याच्या कलम 9 प्रमाणे माल कसा आहे, कशाचा आहे, कुठला आहे एवढंच सांगणारे शब्द एकट्याच्या नावावर होत नाहीत. अस्सल, ताजं, घरगुती, चविष्ट, कोल्हापुरी, मालवणी हे शब्द सगळ्यांचे. नोंदणीचा अर्ज केला की तपासणीत आक्षेप येतो आणि त्याला महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. वर्षानुवर्षांच्या वापराने लोक ते नाव तुमच्याशीच जोडतात असं पुराव्यानिशी दाखवलं तर सूट मिळते, पण नव्या धंद्याने तो पुरावा आणायचा कुठून?

मग नोंदणीचं काम करून देणारा एजंट तोडगा काढतो: "काळजी नको, चित्रासकट टाकू, डिव्हाइस मार्क पास होतो." होतोही पास! सर्टिफिकेट येतं, तुम्ही पेढे वाटता. पण तुम्हाला मिळालेलं असतं ते अख्खं चित्र, त्यातला शब्द नव्हे. कलम 17 तेच म्हणतं: नोंदणी पूर्ण चिन्हाची, त्यातल्या सर्वसाधारण भागावर वेगळा हक्क नाही. उद्या पलीकडच्या गल्लीतल्या कुणी वेगळं अक्षर आणि वेगळं सूप काढून तोच शब्द छापला, तर तुमचं सर्टिफिकेट भिंतीवरच शोभतं. म्हणून पुन्हा सांगते, एजंटला "पास होईल का?" असं विचारू नका. "हा शब्द दुसऱ्याने वापरला तर मी अडवू शकेन का?" असं विचारा. उत्तर देताना तो चाचरला की नाव बदला.

मग नाव ठेवायचं काय? मालाशी ज्याचा संबंध नाही असं. दांडेकरांनी 1931 मध्ये शाईचा धंदा सुरू केला आणि पुढे तिला उंट चिकटला. शाईचा उंटाशी काय संबंध? काहीच नाही, म्हणूनच कॅम्लिन हे नाव त्यांचं एकट्याचं राहिलं. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनीची आद्याक्षरं. त्या दोन अक्षरांत हळदही नाही आणि दंतमंजनही नाही. आडनाव लावता येतं, पण त्याच आडनावाच्या भाऊबंदाने शेजारी दुकान टाकलं तर स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायची मुभा त्यालाही आहे. आणि हापूस, वायगाव हळद, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम यांना जीआय, म्हणजे त्या-त्या भागाच्या मालाचं भौगोलिक मानांकन आहे. ती नावं ब्रँड म्हणून लावायच्या फंदात पडू नका.

नाव सुचलं की आयपी इंडिया या ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या साइटवर पब्लिक सर्चमध्ये शोधा. फुकट आहे. फक्त एक स्पेलिंग टाकून "नाही सापडलं" म्हणून उठू नका. आपला व कुणी व्हीने लिहितं, कुणी डब्ल्यूने. आ कुणी एका एने, कुणी दोन एनी. सगळे प्रकार टाका, फोनेटिकमध्ये, म्हणजे उच्चारावरूनही बघा. नोंदणीत मालाचे वर्ग वेगवेगळे असतात: मसाला तिसाव्या वर्गात, लोणचं एकोणतिसाव्या, सरबत बत्तिसाव्या. दर वर्गाची फी वेगळी. ऑनलाइन अर्जाला एका माणसाला किंवा लहान उद्योगाला वर्गामागे 4,500 रुपये, बाकीच्यांना 9,000. लहान उद्योग असल्याचं सरकारी उद्यम सर्टिफिकेट जोडा, नाहीतर फर्मच्या नावाने दुप्पट भराल.

आणि तुम्ही आधीपासून विकत असाल, तर अर्जात "वापरायचा विचार आहे" असं लिहू देऊ नका. एजंट आपलं काम वाचवायला तेच लिहितात, कारण मग ॲफिडेव्हिट लागत नाही. पहिली बिलं, पहिल्या लेबलचे फोटो, प्रदर्शनाच्या पावत्या जपून ठेवा. आधीपासून वापर असलेल्याला कायदा झुकतं माप देतो. नोंदणी होईपर्यंत नावाशेजारी टीएम (ट्रेडमार्क) ही अक्षरं लावा. वर्तुळातला आर ही नोंदणी झाल्याची खूण, ती छापायची घाई करू नका, नोंदणीआधी तो चालत नाही.

हे वाचून कुणी हातपाय गाळू नयेत. उशिरा कळलं म्हणून गिऱ्हाईक पळून जात नाही. आम्ही नाव बदललं, काही महिने लेबलवर "पूर्वीचं नाव" म्हणून बारीक ओळ ठेवली. फोन नंबर तोच, चव तीच. लोक नावापेक्षा नंबर सेव्ह करून बसलेले असतात. (नवं नाव इथे देत नाही, उगाच जाहिरात होईल.)

आता लोगो. ॲपमधल्या तयार टेम्प्लेटवर जाऊ नका, तुमच्याआधी कितीतरी जणांनी तेच पान, तीच मिरची उचललेली असते. माणसाकडून करून घ्या आणि लेखी करा. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं असं नसतं. बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा कॉपीराइट त्याचाच राहतो, तो लेखी हस्तांतरित करावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. "कायमचा" आणि "जगभर" हे दोन शब्द त्यात हवेतच.

लोगोची फाइल सीडीआर (कोरलड्रॉची) आणि पीडीएफ दोन्हीत घ्या, अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे चित्राच्या रेषांमध्ये बदलून. नाहीतर प्रेसवाल्याकडे तो फाँट नसतो आणि "मिर्ची"मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. फाँट चोरायची गरज नाही. "एक टाइप" या फाँट बनवणाऱ्यांचे "मुक्त" आणि "बालू" हे फाँट फुकट आहेत, धंद्यासाठीही चालतात.

माझ्या मते कोचच्या सेमिनारपेक्षा गावातल्या जुन्या लेबलवाल्याजवळ एक दुपार बसणं जास्त कामाचं. मोबाइलवर पेटलेला लाल रंग कागदावर विटेसारखा येतो आणि कांदा-लसूण मसाल्याचं तेल साध्या कागदी लेबलातून आठवड्यात बाहेर येतं, हे मला त्यानेच दाखवलं. छापील पाऊच सुरुवातीला घेऊ नका. त्याला रंगागणिक छपाईचा वेगळा सिलिंडर करावा लागतो, ऑर्डरही मोठी द्यावी लागते आणि पत्त्यात किंवा परवाना नंबरात एक आकडा चुकला की सगळा माल रद्दीत. साधा पाऊच आणि लॅमिनेटेड स्टिकर घ्या, तेही थोडे. पहिल्या खेपेत काहीतरी चुकतंच.