आठ बटणं आणि ९/८

अकरावीच्या चाचणीत मी संभाव्यतेच्या एका प्रश्नाचं उत्तर ९/८ लिहून त्याला छान चौकटही केली होती. सरांनी लाल शाईने शेजारी लिहिलं, "शंभरात साडेबारा जास्तीच?" संभाव्यता १ च्या वर जात नाही हे मला पाठ होतं. तरी लिहिलं.

प्रश्न साधा होता. पिशवीत ५ लाल आणि ३ पांढरे चेंडू. एक काढायचा, रंग बघायचा, परत टाकायचा. असं तीनदा. निदान एकदा पांढरा येण्याची संभाव्यता किती? मी ३/८ तीनदा मिळवले आणि मोकळी झाले.

घरी आईच्या शिवणाच्या डब्यातून पाच लाल, तीन पांढरी बटणं घेऊन बसले. तीन-तीन खेपांच्या दहा-बारा फेऱ्यांतच घोळ समजला. ज्या फेरीत पांढरं दोनदा आलं, ती माझ्या बेरजेत दोनदा मोजली जात होती. उलटीकडून गेलं की भानगडच नाही: तिन्ही वेळा लालच येण्याची संभाव्यता ५/८ × ५/८ × ५/८ = १२५/५१२. ती १ मधून वजा केली की ३८७/५१२, म्हणजे साधारण ०.७६. तेव्हापासून 'निदान एक' दिसलं की आधी 'एकही नाही' काढते.

त्या बटणांनी आणखी एक शिकवलं. एक लाल बटण जाड होतं, बोटं आपोआप त्याच्याकडेच जायची. आणि परत टाकल्यावर पिशवी हलवली नाही, तर वरचंच पुन्हा हाताला लागायचं. पुस्तकातला 'यादृच्छिक' (प्रत्येकाला सारखीच संधी) हा शब्द एवढा महाग आहे! १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत सैन्यभरतीसाठी ३६६ जन्मतारखांच्या कुप्या बरणीतून काढल्या, तेव्हा त्या नीट मिसळलेल्या नव्हत्या आणि वर्षाअखेरच्या महिन्यांतल्या तारखा लवकर निघाल्या. तिथे काढलेली कुपी परत टाकायची नव्हती, पण ढवळणं दोन्हीकडे लागतंच.

मराठी माध्यमातून आलेल्यांना 'विथ रिप्लेसमेंट' (काढलेलं परत टाकून) हे शब्द सुरुवातीला नुसते सजावटीचे वाटतात. नजर थेट आकड्यांवर जाते. मी अजूनही प्रश्न वाचताना प्रत्येक खेपेखाली छेद लिहून ठेवते: परत टाकायचं असेल तर ८, ८, ८, नसेल तर ८, ७, ६. दोनच खेपा घेतल्या तर दोन्ही वेळा लाल येण्याची संभाव्यता पहिल्या पद्धतीने २५/६४, दुसऱ्या पद्धतीने ५/१४. ०.३९ आणि ०.३६. पण पिशवीत ८ ऐवजी ८००० चेंडू असतील, त्यातले ५००० लाल, तर फरक पाचव्या दशांश स्थळापर्यंत ढकलला जातो. म्हणून मोठ्या लोकसंख्येतून लहान नमुना घेताना दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच धरतात.

तीन खेपांत 'नेमके दोन लाल' विचारलं तर ३ ने गुणायला विसरू नका, पांढरा कुठल्याही खेपेला येऊ शकतो. यात अवघड काही नाही, फक्त घाई नडते.

खरी गंमत पुढे बी.एस्सी.ला कळली. आठ बटणं, परत टाकत आठ खेपा. आठही बटणं एकेकदा येतील असं वाटतं ना? ८! (म्हणजे ८ × ७ × ६ … × १) भागिले ८⁸ करून बघा: ०.००२४. साधारण चारशेत एकदा. एखादं ठरावीक बटण आठ खेपांत एकदाही न येण्याची संभाव्यता (७/८)⁸, म्हणजे ०.३४. तिला आठने गुणलं की कळतं, सरासरी पावणेतीन बटणं हाताला लागतच नाहीत. मी वहीत टिपून पाहिलं. पहिल्याच फेरीत तीन बटणं राहिली आणि एक लाल तीनदा आलं. (तेच जाड.)

संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेली बूटस्ट्रॅप पद्धत याच खेळावर उभी आहे: हातातल्या नमुन्यातूनच परत ठेवत तेवढ्याच आकाराचे नवे नमुने हजारो वेळा काढायचे आणि अंदाज किती हलतो ते पाहायचं. डेटाच्या कामात ही रोजची गोष्ट.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, "हजार नोंदींतून परत ठेवत हजारदा निवडलं, तर किती नोंदी सुटतील?" सूत्र आठवेना. मी म्हटलं, "आठ बटणांत पावणेतीन सुटतात, तिथून सांगते." कागदावर ७/८ च्या जागी ९९९/१००० लिहिलं, घात हजार, मग हजाराने गुणलं, आणि उत्तर आलं साधारण ३६८.