कुत्र्याला घेऊन कोकणात जाताय? मग घड्याळ त्याचं लावा

आमचा बंड्या गावठी, वजन अठरा किलो, लिफ्टला घाबरतो पण समुद्र दिसला की अंगात येतं त्याच्या. पहिल्या वेळी त्याला घेऊन गेलो तेव्हा मी अकरा ठिकाणांची यादी करून निघालो होतो, आणि झालं काय तर भर दुपारी जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे लाल दगडाच्या उघड्या माळावर, तो चार पावलं चालून खालीच बसला, पाय उचलून उचलून दाखवायला लागला, आणि देवळांबाहेर आमच्यातला एक जण ताटकळत उभा, बाकीचे आत घाईघाईत नमस्कार करून परत. तेव्हापासून यादी बंद. आता सकाळी सहाला गाडी सुरू, साडेदहा-अकराला जिथे असू तिथे सावली, चार वाजता समुद्र, बस. पॉइंट निम्मे होतात, पण खरं सांगतो, कोकणात बघायचं असतं ते रस्त्यातच असतं.

आधी सीझन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मार्चपासून दमट उकाडा सुरू होतो, माणसाला घाम तरी येतो, कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो आणि हवेत ओल असली की तेही नीट होत नाही. पावसात हिरवंगार दिसतं हे खरं पण चिखल, गोचिड आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा आजार) तिन्ही तेव्हाच जोरात. शिमग्याच्या दिवसांत पालख्या निघतात, गावोगाव ढोल, तुमचा कुत्रा आवाजाला भित्रा असेल तर ते आठ-पंधरा दिवस टाळाच.

निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरकडे जा, आदल्या दिवशी नाही. रेबीजचं इंजेक्शन चालू आहे ना बघा, लेप्टोची लस आधी कधीच दिली नसेल तर दोन डोस लागतात आणि मध्ये काही आठवडे जातात, म्हणून म्हणतोय महिना. गोचिडाची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध, गाडी लागत असेल तर त्याची गोळी, सगळं वजनाप्रमाणे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. लसीचं पुस्तक डॅशबोर्डमध्ये ठेवा.

आमचा रूट सांगतो, पाच दिवस चार रात्री, पुण्याहून. ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा, दिवेआगर. पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीबोटीने खाडी ओलांडून वेशवी, मग बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै-मुरूड. तिथून दाभोळ, परत फेरीबोट, धोपाव्याला उतरून गुहागर. परत येताना चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड.

घाट सुरू व्हायच्या आधी तीन-चार तास त्याला खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं चालेल. आम्ही एकदा प्रेमाने पहाटे अंडं-भात दिला आणि ताम्हिणीच्या तिसऱ्या वळणावर तो सगळा मागच्या सीटवर परत मिळाला. मागे हार्नेस घालून सीटबेल्टला अडकवा, पट्टा गळ्यात अडकवून नाही, ब्रेक लागला तर मानेला झटका बसतो. मांडीवर घेऊन खिडकीतून डोकं बाहेर काढायचा फोटो छान येतो पण समोरून एसटी अंगावर आली की कळतं. घाटात माकडं असतात, काचा वर ठेवा. दीड-दोन तासांनी थांबा, आणि थांबलात की दार उघडायच्या आधी पट्टा हातात, हा क्रम कधीच चुकवायचा नाही.

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राच्या अगदी कडेने जातो, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खडकावर आपटणारं पाणी. हा सकाळी सातच्या आत करा. गाडी कमी, ऊन नाही, काचा अर्ध्या खाली, आणि मागे नाक चालू. माणूस समुद्र डोळ्याने बघतो, हा नाकाने बघतो, सुकत घातलेल्या मासळीचा वास आला की आमचा उभाच राहतो.

फेरीबोटीचं फार टेन्शन घेऊ नका. गाडी चढताना लोखंडी फळीचा खडखडाट होतो तेवढा वेळ कोणीतरी त्याच्याशेजारी बसा. एरवी खाडीला वळसा घालून जायचं तर काही तास गाडीतच जातात, त्यामुळे ही दहा-पंधरा मिनिटं सोन्यासारखी. फक्त वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, शेवटची बोट चुकली की कुत्र्यासकट रात्री मुक्काम शोधत फिरावं लागतं.

आता समुद्र. भरती-ओहोटी बघूनच उतरा, वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीला ओली, घट्ट वाळू मिळते, पायांना तीच बरी. दुपारी कोरडी वाळू, डांबर, जांभा सगळंच तापतं, स्वतःचा तळहाताचा मागचा भाग सात सेकंद टेकवून बघा, नाही सहन झाला तर त्यालाही नाही होणार. गोडं पाणी बरोबर हवंच, किलोमागे दिवसाला पन्नास-साठ मिली धरा, म्हणजे बंड्याला लिटरभर, उन्हात जास्त. तहानला की तो समुद्राचं पाणी पितो आणि मग रात्रभर उलट्या-जुलाब, ते निस्तरायला तुम्हीच.

किनाऱ्यावर काय पडलंय ते त्याच्या आधी तुम्ही बघा. रापणीच्या जाळ्यातून टाकून दिलेला केंड मासा, तोच फुगणारा, विषारी असतो, मेलेलाही. जाळ्याचे तुकडे, गळ, पाकटाचा काटा, जेलीफिश. गावात शिरलात की आंब्याची कोय, गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनच. काजूच्या ओल्या बियांच्या टरफलातलं तेल तोंड भाजतं. हे आपल्या शहरी कुत्र्यांना माहीतच नसतं, त्यांना सगळं खाऊच वाटतं.

वेळास, केळशी, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभरेक अंडी. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये हे राखण्याचं काम सुरू केलं, गावकरी त्यात उतरले. कुत्रे ही घरटी उकरतात. त्यामुळे इथे पट्टा सोडायचा नाही, संध्याकाळनंतर किनाऱ्यावर न्यायचाच नाही, आणि पिल्लं सोडायचा कार्यक्रम बघायचा असेल तर एकाने खोलीवर त्याच्यापाशी थांबायचं. माझ्या वाट्याला दोनदा खोली आली, तक्रार नाही (आहे थोडी).

राहायचं घर फोनवर ठरवताना "पेट चालेल ना" एवढंच विचारू नका. एका ठिकाणी हो म्हणाले आणि पोचल्यावर नारळाच्या झाडाला बांधा म्हणून दाखवलं. सरळ सांगा की कुत्रा आहे, अठरा किलोचा, रात्री खोलीत आमच्याबरोबर झोपणार. गुहागरच्या काकू म्हणाल्या, "येऊ दे की, फक्त देवघरात आणि सैपाकघरात नको हं." असं स्पष्ट बोलणारं घर निवडा. स्वतःची चादर न्या, खळ्यात (अंगणात) घाण केली तर स्वतः उचला, नाहीतर पुढच्या कुत्रेवाल्याला दार बंद. गावातली कोंबडी, मांजर, बांधलेलं वासरू या सगळ्यांची ओळख लांबूनच करून द्या. आणि रात्री बाहेर बांधणं हा विषयच नको, कोकणात बिबट्या गावात येतो आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाणं आहे. रात्री शू-शी करायला न्यायचं तर टॉर्च, आखूड पट्टा आणि अंगणापुरतंच.

दगड, पालापाचोळा, सडा, काजूच्या बागा इथे फुरसं असतं, वीतभर-हातभर विषारी साप, पटकन दिसत नाही. नाक खुपसू देऊ नका. चावलंच तर बांधाबांधी, चिरा देणं, गावठी औषध काही नको, उचलून घ्या, चालवू नका आणि थेट डॉक्टर. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथे गाई-म्हशी जास्त, सर्पदंशावरचं इंजेक्शन असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी दापोली, गुहागर, चिपळूण इथल्या डॉक्टरांचे नंबर काढून एक फोन करूनच ठेवा.

उन्हाचा त्रास ओळखायला शिका. जीभ लालभडक, लाळ चिकट, चालताना झोकांड्या. लगेच सावलीत, अंगावर साधं नळाचं पाणी, पोट आणि पंजे ओले करा, वारा घाला किंवा एसी लावा. बर्फ नको, ओला टॉवेल अंगावर पांघरूनही ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. मग दवाखाना. आणि सोलकढी प्यायला पाच मिनिटं जातो म्हणून बंद गाडीत ठेवलात तर दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक डिग्रीने चढतं. आम्ही पाळीपाळीने जेवतो. माझे मासे नेहमी गार होतात.

रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, कान कोरडे करा, बोटांच्या मध्ये, कानात, शेपटीखाली गोचिड शोधा, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायचं, रॉकेल-बिकेल नाही. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा, ताप, जेवण सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर डॉक्टरांना कोकणात गेलो होतो हे आधी सांगा. वाळूचं मात्र काही करता येत नाही, आमच्या मागच्या सीटमधून अजून गुहागर निघतंय.