फोर्सिथियाला फुलं येत नाहीत? या चुका टाळा

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात मार्चअखेरीला, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे, झाडांना अजून पालवी फुटलेली नसते आणि रस्त्याकडेची काही झुडपं मात्र पिवळ्याधमक फुलांनी लगडून जातात. ती फोर्सिथिया. चार पाकळ्यांची फुलं आधी येतात, पानं मागाहून. आपला मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झुडूप. मूळचं ते पूर्व आशियातलं, आणि सोल शहराचं तर हेच अधिकृत फूल आहे. युरोपात गेल्यावर त्याला लंडनच्या राजबागांची देखभाल करणाऱ्या विल्यम फोर्सिथ या स्कॉटिश माळ्याचं नाव मिळालं.

झुडूप काटक आहे यात शंका नाही. साधारण कुठल्याही मातीत तगतं आणि हरणंही सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. तरीही तक्रार ठरलेली असते: झुडूप हिरवंगार आहे, दरवर्षी वाढतंय, पण फुलं जेमतेम मूठभर. अशा वेळी खत-औषध शोधण्याआधी एकच गोष्ट आठवून बघा. कात्री कोणत्या महिन्यात चालवली होती?

ऑक्टोबरची छाटणी इथे नको

पावसाळा सरला की गुलाब छाटायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत तर ऑक्टोबरची गोडी छाटणीच त्या वर्षीचं पीक ठरवते. परदेशात घर घेतल्यावरही पानगळ सुरू झाली की हात आपोआप कात्रीकडे जातो. फोर्सिथियाला नेमकं हेच मारक ठरतं.

गुलाबाची फुलं छाटणीनंतरच्या नव्या फुटीवर येतात. फोर्सिथियाची येतात गेल्या वर्षीच्या फांदीवर. यंदा उन्हाळ्यात वाढलेल्या फांदीवर पानगळीपर्यंत कळ्या तयार होतात, त्या हिवाळाभर तशाच थांबतात आणि वसंतात उमलतात. ऑक्टोबरात छाटलेल्या प्रत्येक फांदीबरोबर पुढच्या वसंताची फुलं कचऱ्यात जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘झाड झोपलेलं आहे तोवर उरकून घेऊ’ म्हणून केलेली छाटणीही तितकीच घातक.

खात्री करायची असेल तर नोव्हेंबरात एक फांदी हातात धरून नीट बघा. गळालेल्या पानाच्या खुणेपाशी टोकदार, जराशा फुगीर कळ्या दिसतील, बरेचदा दोन-तीन एकत्र. त्या फुलांच्या. पानांचे डोळे त्यांच्यापेक्षा सडपातळ असतात. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की हिवाळ्यात कात्री उचलावीशी वाटणार नाही.

मग छाटायचं कधी? फुलं गळायला लागली की लगेच, पुढच्या तीन-चार आठवड्यांत. न्यू जर्सीच्या हवेत हा काळ एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत येतो. जुलै उजाडला की थांबायचं.

छाटायचं कसं, यातही गफलत होते. विजेच्या कात्रीने झुडपाचा चौकोनी डबा करणं मला बिलकूल पटत नाही. अशाने वरच्या बाजूला काड्यांचं दाट जाळं होतं, आत ऊन पोचत नाही आणि आतल्या फांद्या उघड्याबोडक्या राहतात. फोर्सिथियाचं सौंदर्य त्याच्या कमानीसारख्या लवलेल्या लांब फांद्यांमध्ये आहे. त्यामुळे शेंडे खुडू नका. सगळ्यात जुन्या, जाड, करड्या पडलेल्या फांद्या निवडा आणि थेट जमिनीलगत कापा. दरवर्षी एकूण फांद्यांपैकी चौथा हिस्सा, फार तर तिसरा. बुंध्यातून नवे धुमारे येतात आणि तीन-चार वर्षांत सगळं झुडूप तरणं होतं.

वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्यामुळे पार गुंता झाला असेल, तर फुलांनंतर सगळंच जमिनीपासून चार इंचांवर कापता येतं. पुढच्या वसंतात फुलं जवळपास नसतील, त्याच्या पुढच्या वर्षी येतील. बागकामाला बाहेरचा माणूस येत असेल, तर या झुडपाला हात लावायचा नाही हे त्याला आधीच बजावून ठेवा.

फुलं फक्त खालच्या बाजूला?

मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा कॅनडातल्या वाचकांना हे चित्र ओळखीचं असेल: बुंध्याजवळ भरपूर फुलं, वरच्या फांद्या सुन्या. हा थंडीचा परिणाम. फोर्सिथियाचं लाकूड जितकी थंडी सोसतं, तितकी त्याच्या फुलकळ्या सोसत नाहीत. नर्सरीत सर्रास मिळणाऱ्या ‘लिनवुड’सारख्या जातीच्या कळ्या उणे 25 अंश सेल्सियसच्या आसपास मरतात. खालच्या फांद्या बर्फाखाली गाडल्या गेल्यामुळे तेवढ्या वाचतात.

हिवाळ्याच्या शेवटी एक कळी ब्लेडने उभी चिरा. आत हिरवट-पिवळं दिसलं तर ती जिवंत आहे, तपकिरी किंवा काळं दिसलं तर गेली. बऱ्याचशा कळ्या दर हिवाळ्यात अशाच मरत असतील, तर तिथे कितीही खत घातलं तरी उपयोग नाही, जात बदलायला हवी. ‘मेडोलार्क’ ही जात उत्तर आणि दक्षिण डकोटातली विद्यापीठं आणि बॉस्टनचं अर्नोल्ड आर्बोरेटम हे वृक्षउद्यान यांच्या कामातून आली. तिच्या कळ्या उणे 35 अंशांच्या आसपासही टिकतात. मिनेसोटा विद्यापीठाची ‘नॉर्दर्न सन’ही अशीच कणखर.

जागा आणि खत

दिवसाला सहा तास ऊन हवंच. सावलीत झुडूप जगतं, पण फुलत नाही. साध्या जाती आठ-दहा फूट उंच आणि तितक्याच रुंद होतात, हे रोप आणताना ध्यानात येत नाही. मग भिंतीलगत किंवा ड्राइव्हवेच्या कडेला लावलेलं झुडूप दरवर्षी कापावं लागतं, आणि कापलं की फुलं जातात. जागा लहान असेल तर दोन-अडीच फुटांवर थांबणारी ‘गोल्ड टाइड’ लावा.

लॉनला घातलेलं नत्रयुक्त खत मुळांपर्यंत पोचलं की पानं माजतात आणि फुलं घटतात. एरवी या झुडपाला वर्षातून एकदा कंपोस्टचा थर पुरतो. नव्या रोपाला मात्र पहिलं वर्ष आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या आणि फुलांसाठी दोन-तीन वर्षं कळ काढा.

फांद्यांवर खडबडीत गाठी दिसल्या तर गाठीच्या बऱ्याच खाली कापा. कापलेला भाग कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात टाका आणि कात्री दर कापानंतर स्पिरिटने पुसा. लवलेल्या फांदीचं टोक मातीला टेकलं की तिथे मुळं फुटतात. ते तसंच सोडलं तर झुडूप पसरत जातं, वेगळं करून लावलं तर फुकटात नवं रोप मिळतं.

हिवाळ्यातल्या कापणीला एक सूट मी जरूर देईन. फेब्रुवारीत थंडी जरा ओसरलेली असेल त्या दिवशी फुगीर कळ्यांच्या चार-पाच फांद्या कापून घरात आणा. खालचं टोक तिरकं कापून कोमट पाण्यात ठेवा, थेट ऊन टाळा, पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. एक ते तीन आठवड्यांत फुलं उमलतात. वसंत जितका जवळ, तितका वेळ कमी लागतो.

आणि सुट्टीत पुण्या-मुंबईला जाताना याची काडी नेण्याचा मोह टाळा. परवान्याशिवाय रोपं नेता येत नाहीत हे एक. दुसरं म्हणजे फुलायला याला दीर्घ कडक थंडी लागते, आणि ती तिथे मिळत नाही.