पाणी तुंबल्याच्या पोस्टांमधून गोष्ट उभी करणारं साधन कसं रचावं

पावसाळ्यात मुंबईत कुठं पाणी भरलं ते आधी फोनवर कळतं. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल यांचे फोटो धडाधड येऊ लागतात. पण त्या ढिगातून ‘काल संध्याकाळी कुर्ल्यात नेमकं काय घडलं’ ही गोष्ट काढायची, तर वर्तमानपत्राच्या डेस्कला, रहिवासी संघाला किंवा कॉलेजच्या अभ्यासगटाला हाताशी साधन लागतं. तयार साधनं आहेत. टाइमलाइन-जेएस गूगल शीटमधून कालपट काढून देतं, डेटारॅपर आणि फ्लरिश तक्ते-नकाशे देतात, आणि केनियात २००८ साली सुरू झालेलं उशाहिदी लोकांनी कळवलेल्या घटना नकाशावर मांडतं. मात्र ‘तुंबलंय’ आणि ‘साचलंय’ ही एकच तक्रार आहे, हे यांतल्या कुणालाही आपोआप कळत नाही. ते आपणच शिकवायचं, आणि दर पावसाळ्यात पुन्हा तपासायचं. म्हणून साधन बदलता येणारं हवं.

काय उघडं ठेवायचं, कशाला कुलूप लावायचं

सगळा आराखडा या एका निर्णयावर उभा राहतो. सगळं उघडं ठेवलं तर घाईत कुणीतरी चुकीचं चित्र छापतं. सगळं बंद ठेवलं तर एक शब्द वाढवायला प्रोग्रामरला रात्री उठवावं लागतं.

उघड्या ठेवायच्या गोष्टी: शब्दसूची, ठिकाणांची सूची, वेळेचा टप्पा (१५ मिनिटं, १ तास किंवा १ दिवस), चित्राचा साचा आणि मथळे. कुलूप लावायच्या गोष्टी: वेळेचं रूपांतर, नावं आणि फोन नंबर झाकणं, स्तंभालेखाचा शून्यापासून सुरू होणारा अक्ष, आणि प्रत्येक चित्राखाली येणारी ‘एवढ्या नोंदींवरून, अमुक वेळेपर्यंत’ ही ओळ. ती ओळ काढून टाकायची सोय ठेवू नका. मागणी येईलच, तरी ठेवू नका.

उघड्या गोष्टी एका शीटमध्ये चार पानांवर ठेवा: शब्द, ठिकाणं, चित्रं, मजकूर. साधनाने दर पाच मिनिटांनी शीट वाचावी, पण चूक आढळली तर शेवटची बरोबर प्रत वापरत राहावं आणि कुठल्या ओळीत काय चुकलं ते मराठीत सांगावं. नेहमीच्या चुका ठरलेल्या असतात. शब्दामागे राहिलेली मोकळी जागा. मधेच रिकामी ओळ. ‘१२/७’ लिहिलं की शीटच्या सेटिंगप्रमाणे त्याचं ७ डिसेंबर होणं. म्हणून तारीख कायम वर्ष-महिना-दिवस अशीच लिहायची. देवनागरी आकडे शीटला मजकूर वाटतात, आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेला ‘१२’ दिला तर ती त्याला संख्याच मानत नाही. आकडे आत घेतानाच बदलून घ्या आणि चित्रावर पुन्हा देवनागरीत दाखवा.

माहिती आत घेणं

इथे फार वेळ घालवू नका, कारण दरवाजे कधीही बंद होतात. ट्विटरने (आताच्या एक्सने) २०२३ साली पोस्टी फुकट वाचू देणं थांबवलं. फेसबुकवरच्या सार्वजनिक पोस्टी शोधून देणारं क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झालं. त्यामुळे प्रत्येक स्रोतासाठी तिथली माहिती ओढणारा वेगळा छोटा प्रोग्राम, म्हणजे जोड, लिहा आणि सगळ्यांनी एकाच आकाराच्या नोंदी आत टाकाव्यात: नोंद क्रमांक, वेळ, मजकूर, स्रोत, दुवा, फोटोचा ठसा (त्याच्या दिसण्यावरून काढलेला आकडा), ठिकाण, ठिकाणाची खात्री, विषय. एक जोड तुटला तरी बाकीचं साधन चालू राहतं. हाताने भरायचा फॉर्म हाही असाच एक जोड समजा. पाऊस जोरात असताना अनेकदा तोच कामाला येतो.

यूट्यूबचा हिशेब आधीच मांडून ठेवा. प्रोग्रामने माहिती ओढायला दिवसाला १०,००० एककांचा कोटा मिळतो, एका शोधाला १०० एककं जातात आणि एका व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांचं एक पान आणायला १. म्हणजे दर पाच मिनिटांनी शोध लावला, तर दिवसाचे २८८ शोध होतात आणि कोटा साडेआठ तासांच्या आत संपतो. तासाला दोन शोध लावा आणि उरलेला कोटा प्रतिक्रियांसाठी ठेवा.

नोंद क्रमांक कायम मजकूर म्हणून साठवा. ट्विटरचे क्रमांक १९ अंकी असतात, एक्सेल १५ अंकांपुढचे आकडे शून्य करून टाकतं आणि मग मूळ पोस्ट कधीच सापडत नाही. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडणार असाल तर ती ‘बीओएमसह यूटीएफ-८’ या प्रकारात साठवा, नाहीतर देवनागरीऐवजी चित्रविचित्र खुणा दिसतात.

वेळ बहुतेक ठिकाणांहून जागतिक प्रमाणवेळेत येते. त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवली नाहीत, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या नोंदी आदल्या तारखेला जाऊन बसतात. रात्रीच्या पावसाची गोष्ट नेमकी तिथंच बिघडते.

भाषा: खरी मेहनत इथे आहे

आधी अक्षरं एकसारखी करून घ्या. ‘वाऱ्यामुळे’ मधला ऱ तीन प्रकारे टाइप केलेला सापडतो: एकसंध ऱ, र आणि खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना तिन्ही सारखे, यंत्राला तीन वेगळे शब्द. एनएफसी हे यूनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं की पहिले दोन एक होतात. तिसऱ्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो: र, हलन्त, जोडक दिसले की त्या जागी ऱ आणि हलन्त. त्यानंतर उरलेले न दिसणारे जोडक काढून टाका.

मग शब्द तोडणं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘आरई’ या नेहमीच्या मॉड्यूलची शब्द ओळखणारी खूण काना, मात्रा, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. ‘पाणी’चे तुकडे होतात ‘प’ आणि ‘ण’. ‘तुंबलंय’चे होतात ‘त’, ‘बल’, ‘य’. शब्दांचे ढग काढणाऱ्या कितीतरी चित्रांत एकाक्षरी कचरा दिसतो, तो यामुळेच. उपाय सोपा आहे: यूनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा सगळा पट्टा, दंडाच्या दोन खुणा वगळून, शब्दाचा भाग धरा.

आता शब्दसूची. मराठीत नाम विभक्ती घेताना आतून बदलतं, म्हणून ‘पाऊस’ शोधून ‘पावसात’, ‘पावसानं’, ‘पावसामुळे’ सापडणार नाहीत. सूचीत ‘पाऊस’ आणि ‘पावसा’ अशी दोन्ही मुळं हवीत. शेवटचा काना सोडून नुसतं ‘पावस’ टाकलं तर रत्नागिरीजवळचं पावस गावही आत येतं. ‘तुंब’ हे मूळ छान चालतं. तुंबलं, तुंबलंय, मुंबईची तुंबई, सगळं पकडतं. पण ‘तुंबळ हाणामारी’ही पकडतं. म्हणून प्रत्येक मुळासमोर ‘वगळा’ हा रकाना द्या. ‘भरलं’ एकटं घेऊ नका, कारण लोक फी भरतात, अर्ज भरतात; तीन शब्दांच्या आत ‘पाणी’ असेल तरच धरा. हे ‘किती शब्दांच्या आत’ माणसाला बदलता यायला हवं. मुंबईची माणसं एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी लिहितात, तेही बरेचदा रोमन लिपीत आणि जसं बोटाला येईल तशा स्पेलिंगने. त्यासाठी वेगळी सूची करा, आणि ती गेल्या पावसाळ्यातल्या खऱ्या पोस्टी वाचून करा. मनाने केलेली सूची नेहमी अपुरी पडते.

भावना मोजणारं यंत्र मात्र यात घालू नये, असं आमचं ठाम मत आहे. ‘वा, काय सुंदर नियोजन!’ हे गुडघाभर पाण्यात उभं राहून लिहिलेलं वाक्य ते आनंदाच्या खात्यात टाकतं.

ठिकाणांची सूची

पोस्टीबरोबर नेमकं स्थान क्वचितच येतं, तेव्हा ठिकाण मजकुरातूनच काढावं लागतं. प्रत्येक ओळीत मूळ नाव, इतर नावं, बदलती रूपं, वगळायचे प्रयोग, महापालिकेचा विभाग आणि अक्षांश-रेखांश ठेवा. नमुने पाहा:

कुर्ला: कुर्ल्यात, कुर्ल्याला, कुर्ल्याहून, विभाग एल.
शीव: सायन, विभाग एफ उत्तर.
प्रभादेवी: एल्फिन्स्टन, एल्फिन्स्टन रोड (स्थानकाचं नाव २०१८ साली बदललं, लोकांच्या तोंडातून जुनं गेलेलं नाही), विभाग जी दक्षिण.
ठाणे: ठाण्यात, ठाण्याला, वगळा: पोलीस ठाणे, पोलीस ठाण्यात.
कल्याण: कल्याणला, कल्याणहून, वगळा: समाजकल्याण, कल्याण होवो, कल्याणकारी.
खार: खारमध्ये, खार सबवे, वगळा: झाडावरची खार.

खात्रीच्या तीन पायऱ्या ठेवा. ठिकाण आणि खूण दोन्ही असतील (‘कुर्ला स्टेशनबाहेर’) तर पहिली, नुसता भाग असेल तर दुसरी, फक्त प्रोफाइलवर ‘मुंबई’ असेल तर तिसरी. तिसरी पायरी नकाशावर कधीच जाऊ नये. ‘मुंबई’ लिहिणारा माणूस त्या क्षणी पुण्यात बसलेला असू शकतो.

पोस्टी म्हणजे पाणी नव्हे

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. या शहराला एकच आकडा लावता येत नाही, हे तेव्हापासून सर्वांना माहीत आहे. म्हणून ‘संपूर्ण मुंबई’ हे दृश्य सुरुवातीला उघडू नये; विभागवार उघडावं.

दुसरी गफलत अशी की हिंदमाता प्रसिद्ध आहे म्हणून तिथले फोटो जास्त येतात आणि गोवंडी-मानखुर्दचे कमी. नुसत्या संख्येने रंग भरला, तर नकाशा पाण्याचा न होता प्रसिद्धीचा होतो. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणाची तुलना त्याच्याच नेहमीच्या दिवसाशी करा: मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराच्या नोंदींचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा आणि आजची संख्या त्याच्या किती पट आहे ते दाखवा. मध्यक शून्य आला तर एक धरा. आजच्या नोंदी पाचपेक्षा कमी असतील तर रंग भरू नका, तिरप्या रेघा द्या. रेघांचा अर्थ ‘पुरेशा नोंदी नाहीत’, पांढऱ्याचा अर्थ ‘नोंदी आहेत, वाढ नाही’. हे दोन कधीही एकाच रंगात दाखवू नयेत, कारण ज्या वस्तीतून कुणी लिहीत नाही तिथे सगळं ठीक आहे असा त्याचा अर्थ निघतो.

पावसाचा आकडा शेजारी ठेवायचा असेल तर हवामान खात्याचा दिवस सकाळी ८.३० ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी ८.३० ला संपतो, हे लक्षात ठेवा. पोस्टींचेही दिवस तसेच कापा, नाहीतर रात्रीचा पाऊस एका दिवसात आणि त्याच्या तक्रारी दुसऱ्या दिवसात जातात. भरतीची पट्टी हा ऐच्छिक थर द्या आणि ४.५ मीटरच्या वरची भरती ठळक करा. समुद्र चढलेला असताना नाल्यांचं पाणी बाहेर जात नाही. पाऊस थांबूनही रस्ता भरलेला का राहिला, हे त्या पट्टीवरून वाचकाला दिसतं.

जुने फोटो दर जुलैत परत फिरतात. प्रत्येक फोटोचा ६४ बिटांचा दृश्य-ठसा काढा. मागच्या वर्षीच्या साठ्यातल्या एखाद्या ठशाशी ८–१० बिटांपेक्षा कमी फरक असेल, तर नोंद बाजूला ठेवून माणसाला दाखवा. आपोआप पुसू नका, कारण त्याच सबवेचा आजचा फोटो कालच्यासारखा दिसू शकतो.

चित्र काढताना

तीन साचे पुरतात: कालपट, विभागांचा नकाशा आणि निवडक पोस्टींची पट्टी. सगळे आधी ३६० पिक्सेल रुंदीवर तपासा, कारण वाचक लोकलमध्ये उभा आहे आणि नेटवर्क येतं-जातं. व्हॉट्सअ‍ॅपसाठी १०८० बाय १९२० ची उभी प्रतिमा निघायला हवी, आणि तारीख, वेळ, नोंदींची संख्या त्या प्रतिमेतच कोरलेली हवी. फॉरवर्ड होताना दुवा गळून पडतो, प्रतिमा तेवढी फिरत राहते.

देवनागरीसाठी अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. वाढवलं की शिरोरेघ तुटते. ओळींचं अंतर दीडपट तरी हवं, नाहीतर वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात. लांब नाव तोडायचं तर अक्षरसमूहाच्या सीमेवर तोडा. संख्येने तोडलं की ‘कुर्ल्यात’मधलं जोडाक्षर मधेच फुटतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या गटाने केलेला ‘मुक्ता’ हा खुला टंक लहान आकारातही नीट वाचता येतो.

माणसं

लोकांनी स्वतःबद्दल स्वतः जाहीर केलेली माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या बाहेर राहते, पण तेवढ्याने जबाबदारी सुटत नाही. मदत मागताना माणूस घरचा पत्ता आणि नंबर लिहून टाकतो. दहा अंकी क्रमांक आत येतानाच झाका. अक्षांश-रेखांश दशांशानंतर दोन स्थळांपर्यंतच ठेवा. म्हणजे साधारण एक किलोमीटरचा भाग कळतो, इमारत कळत नाही. पोस्ट मूळ ठिकाणी पुसली गेली तर तुमच्याकडूनही जावी, यासाठी रोज एकदा दुवे तपासा. यूट्यूबचा साठा तर ३० दिवसांत ताजा करणं किंवा पुसणं हा त्यांचा नियमच आहे.

मे महिन्यातली चाचणी

मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून, म्हणजे तपासणी मेमध्ये उरकायला हवी. मागच्या वर्षीच्या २०० पोस्टी घ्या. दोन जणांनी एकमेकांना न विचारता प्रत्येकीवर ठिकाण आणि विषय लिहावा. दोघांचं जिथं जुळत नाही तिथं आधी व्याख्या सुधारा: गटारातून उसळलेलं पाणी ‘तुंबणं’ धरायचं की नाही? मग साधनाचं उत्तर त्यांच्याशी ताडा आणि दोन याद्या करा, चुकून धरलेल्या आणि सुटलेल्या. सुटलेल्यांची यादी शब्दसूचीत भर घालते, चुकून धरलेल्यांची ‘वगळा’ रकान्यात. त्यानंतर साधन कधीही न पाहिलेल्या वार्ताहराला बसवा आणि सांगा: दहा मिनिटांत कुर्ल्याच्या एका संध्याकाळचं चित्र काढ. तो जिथं अडतो ते लिहून घ्या, समजावून सांगू नका.

पावसाळा सुरू झाल्यावर शब्दसूचीत नवा शब्द पडला, की मागचे आकडेही बदलतात. १० जुलैला एक शब्द वाढवला तर १ जुलैचा आलेख पुन्हा काढताना वेगळा निघेल, आणि छापून गेलेल्या चित्राशी जुळणार नाही. म्हणून सूचीच्या प्रत्येक बदलाला क्रमांक आणि तारीख द्या, आणि तो क्रमांक चित्राखालच्या त्या कुलूपबंद ओळीत छापा.