डोकं चालेना झालं की काउन्सेलरकडे जायचं कसं

मी लातुरात क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. सकाळी सहाची बॅच, मग दहाची, दुपारी टेस्ट, संध्याकाळी डाऊट, रात्री पोरांच्या आईबापाचे फोन. एका एप्रिलात फळ्यासमोर उभी होते अन् नेफ्रॉन हा शब्दच आठवेना, वर्गात दीडशे पोरं अन् मी खडू धरून गप. त्याआधी चार महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन, चष्म्याचा नंबर तपासून झाला होता, आईनं दृष्टही काढली होती. म्हणून हे लिहायलेय, तुमचे तरी चार महिने वाचतील.

आधी रक्त तपासून घ्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२. यातलं काही कमी-जास्त असलं तरी असंच गळून गेल्यासारखं होतं, अन् आपल्याकडच्या बायांचं हिमोग्लोबिन कमी निघणं काही नवं नाही.

रिपोर्ट नॉर्मल आले तर मग कुणाकडे जायचं, तर सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढं मानसोपचार शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो, त्याच्याकडं आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन असतं, ते बिनधास्त विचारा, त्यात राग यायचं कारण नाही. काउन्सेलर अशी पाटी मात्र कुणीही लावतंय, दोन दिवसांचा कोर्स करूनसुद्धा, म्हणून शिक्षण विचारल्याशिवाय फी भरू नका.

पैसे नसतील तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते. संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरीत, अन् आमच्या लातुरात पण आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा. तिथं कुणी ओळखीचं दिसेल ही भीती मला लई होती, लातूर केवढं ते, कुणीतरी पालक भेटणारच. ज्यांना तेही जमेना त्यांनी १४४१६ लावावा, टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा फोन नंबर, सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी पहिल्यांदा तिथंच बोलले, गच्चीवर जाऊन. अन् मरून जावं असं मनात यायलं असेल तर ओपीडीची वाट बघत बसू नका, लगेच घरातल्या कुणाला तरी सांगा अन् हाच नंबर लावा.

आता खरी गोष्ट. आत गेल्यावर बोलायचं काय. मी पहिल्या डॉक्टरसमोर बसून म्हणाले, "काही नाही, जरा टेन्शन आहे." त्यानं चार मिनिटांत झोपेची गोळी लिहून दिली, संपलं. चूक अर्धी माझीच. टेन्शन म्हटल्यावर समोरच्याला काय कळणार, टेन्शन तर रिक्षावाल्यालाही आहे! दुसऱ्या वेळी एका मॅडमकडं गेले, तेव्हा वहीत लिहून नेलं: रात्री तीनला जाग येते, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो, आधी आवडणारी पोरं आता डोळ्यासमोर नको वाटतात, पेपर तपासताना एकच ओळ पाचदा वाचते, दिवाळीच्या सुट्टीतही बरं वाटलं नाही. केव्हापासून, किती वेळा, काय करताना, एवढंच लिहायचं. लाज वाटली तर कागदच पुढं करा, मी तेच केलं.

ती दिवाळीची ओळ वाचून मॅडम थांबल्या अन् त्यावरच जास्त विचारलं. कारण बर्नआउट हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आजार म्हणून नाहीच, २०१९ पासून तो कामामुळं येणारी अवस्था म्हणून धरतात: थकवा, कामाचा तिटकारा अन् आपल्याच्यानं काही होईना असं वाटणं. पण काम बंद असतानाही दोन-दोन आठवडे मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते डिप्रेशन असू शकतं अन् त्याची वाट वेगळी. डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर दोन-चार आठवडे फरक कळत नाही, म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, आपल्या मनानं तर अजिबात नाही.

घरी काय सांगायचं? माझ्या आईला वाटलं आता स्थळं यायची बंद होणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही, जिवाला धोका वगैरे असला तरच अपवाद. आईला कायदा कळला नाही, पण मॅडमचा आवाज आवडला.

पहिल्या सेशनला रडू येतं किंवा काहीच वाटत नाही, दोन्ही चालतं. तीन-चार सेशननंतरही जमेना वाटलं तर माणूस बदला, साडीचं दुकान बदलतो की आपण. अन् नुसतं बोलून सहाची बॅच कमी होत नाही, ती सरांना जाऊन सांगावीच लागते, मी सांगितली, पगार कापला गेला, झोप मिळाली.

पुढची तारीख मात्र निघतानाच घ्या. घरी जाऊन फोन करते म्हणाले अन् तो फोन करायला मला सव्वा महिना लागला.