चालणं झालं, आता थोडं वजन उचला

साताऱ्यात सकाळी चालायला जाणाऱ्या बायका भरपूर. कुणी अजिंक्यतारा चढतं, कुणी यवतेश्वरच्या घाटाने जातं, कुणी टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत. त्याने दम वाढतो, साखर आटोक्यात राहायला मदत होते, मन ताजं होतं. ते सोडू नका. पण रोज किल्ला चढणाऱ्या बाईलाही माळ्यावरचा डबा उतरवताना हात थरथरतो, पंगतीतून उठताना जमिनीवर तळवा टेकावा लागतो, हे मी खूपदा पाहिलंय. चालण्यात हात, खांदे आणि पाठ यांच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी शरीरातले स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. पाळी थांबल्यावर हाडंही झपाट्याने विरळ होऊ लागतात. दोन्हींवर उपाय एकच: स्नायूंना भार द्यायचा आणि तो भार हळूहळू वाढवत न्यायचा.

मी शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्तीनंतर गल्लीतल्या बायकांचा व्यायाम आमच्या गच्चीवर घेते. बहुतेक जणी येतात तेव्हा एकेक किलोची गुलाबी डंबेल्स घेऊनच येतात आणि ‘बाई, रोज पन्नास वेळा करते’ असं सांगतात. जे वजन पन्नास वेळा उचलता येतं त्याने ताकद फारशी वाढत नाही. आठ ते बारा वेळा उचलता येईल आणि शेवटच्या दोन वेळा खरोखर जड जाईल, असं वजन हवं. असे दोन-तीन फेरे करायचे, मध्ये मिनिट-दीड मिनिट थांबायचं. बारा वेळा सहज होऊ लागलं की वजन थोडं वाढवायचं.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. आम्ही बुधवार आणि रविवार धरलेत, कारण सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा उपवास असतो आणि रिकाम्या पोटी वजन उचलणं मला पसंत नाही. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार किंवा हर्निया असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिला व्यायाम खुर्चीचा. तालमीतली बैठक टाचा उचलून पार खाली जाते, पन्नाशीच्या गुडघ्यांना सुरुवातीलाच ती नको. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. पाय खांद्याइतके फाकवा, हात छातीवर घडी. थोडं पुढे झुकून श्वास सोडत उठा. बसताना मात्र मनात एक, दोन, तीन म्हणत सावकाश खाली या. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला, कारण अंग सावरत खाली नेतानाही मांड्या तेवढंच काम करतात. गुडघे आत वळू देऊ नका, ते पायाच्या बोटांच्या दिशेने राहूदेत. जमतच नसेल तर बसायच्या जागी गोधडीची घडी ठेवून उंची वाढवा. सहज जमू लागलं की तांदळाची पाच किलोची पिशवी छातीशी धरा.

मग जोर. आपला जिल्हा खाशाबा जाधवांचा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तालमीचा जोर आपल्या मातीतलाच आहे, फक्त बायकांनी तो भिंतीवर सुरू करावा. हातभर अंतरावर उभं राहून तळवे भिंतीला टेकवा, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून छाती भिंतीकडे न्या आणि परत ढकला. कोपर बाजूला पंखासारखे पसरू नयेत, थोडे अंगाकडे असावेत. भिंत सोपी वाटली की स्वयंपाकाचा ओटा, मग पलंगाची कड, मग जमीन. जितकं खाली, तितका हातांवर जास्त भार. ओटा आधी कोरडा पुसा, ओल्या ग्रॅनाईटवर हात सटकतो.

ढकलण्याच्या जोडीला ओढणं हवंच. पोळ्या लाटणं, भांडी, मोबाईल, सगळं पुढे वाकून चालतं आणि पाठीचा वरचा भाग सैल पडतो. यासाठी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन उत्तम, त्याला धरायला मूठ असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवं तसं कमी-जास्त करता येतं. पाण्याने भरला तर पाच किलो, कोरडी वाळू भरली तर आठच्या आसपास. एक हात खुर्चीच्या बैठकीवर टेकवा, पाठ सपाट ठेवून वाका आणि दुसऱ्या हाताने कॅन कमरेकडे ओढा. खांदा कानाकडे चढू देऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ मी खाली वाकून उचलायला शिकवण्यात घालवते, कारण कंबर तिथेच धरते. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा. गुडघे किंचित सैल. आता पाठ सरळ ठेवून नितंब मागे न्या, भिंतीला लागेपर्यंत. वाकायचं ते खुब्यातून, पाठीला पोक न काढता. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्यासारख्या वाटल्या की बरोबर जमलं. हे रिकाम्या हाताने अंगवळणी पडेपर्यंत वजनाला हात लावायचा नाही, यात मी कुणालाच सूट देत नाही. मग कॅन दोन पायांच्या मध्ये ठेवून तसंच वाकून उचला. बादली नको, पाणी हिंदकळून तोल जातो. आणि गॅसचा भरलेला घरगुती सिलेंडर जवळपास तीस किलोचा असतो, तो एकटीने उचलायच्या भानगडीत कितीही ताकद आली तरी पडू नका.

शेवटी दोन हातांत दोन कॅन घेऊन ताठ मानेने गच्चीवर फेऱ्या मारा. मूठ, खांदे, पोट सगळ्यांना काम मिळतं.

वजन उचलताना श्वास कोंडू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. जोर लावताना श्वास सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबलं तर घाबरू नका, ते आपोआप उतरतं. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली मात्र तिथेच थांबा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर व्यायाम बंद करून लगेच दवाखाना गाठा.

खाण्याकडे लक्ष हवं. वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमभर किंवा थोडी जास्त प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात, कपभर दुधात सहा-सात. घरात सगळ्यांना वाढून उरलेल्या पातळ आमटीवर भागवणाऱ्या बाईचा हिशेब यात कधीच जुळणार नाही. तिने स्वतःच्या ताटात उसळ आधी वाढून घ्यावी. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

पहिल्या महिन्यात आरशात फरक दिसणार नाही, पण वजन हलकं वाटू लागेल, कारण आधी मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात, स्नायू नंतर भरतात. गौरी-गणपतीत किंवा लग्नसराईत दोन आठवडे खंड पडला तर कमावलेली ताकद फारशी जात नाही. परत सुरू करताना पहिल्या दिवशी निम्मं वजन आणि एकच फेरा करा, पुढच्या आठवड्यात जुन्या वजनावर या.