गेम सुरू होताच प्रोसेसर १०० अंशांवर: माझा अनुभव

गेम सुरू केला की काही सेकंदांत प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसला टेकायचा. मग स्वतःला वाचवायला तो वेग उतरवायचा आणि चित्र अडखळायचं. एचडब्ल्यूइन्फो या तापमान वगैरे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर (म्हणजे तापल्यामुळे वेग उतरवणं) ‘येस’ दिसत होतं.

आधी धूळ काढली. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जाऊ शकतं. फरक जेमतेम. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच गेम चालवला, तरी तापमान तेवढंच! म्हणजे कॅबिनेटमधली हवा हे कारण नव्हतं. शिवाय पारा हळूहळू न चढता एकदम उसळत होता. माझ्या मते हीच खरी खूण: उष्णता प्रोसेसरकडून त्याच्यावर बसवलेल्या कूलरपर्यंत नीट पोचतच नव्हती.

पीसी थोडा वेळ चालवला, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पोचवणारी पेस्ट सैल होते. मग बंद करून, वायर काढून कूलर उचलला. पेस्ट सुकून भुगा झालेली. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली. कूलरच्या पिना तिरप्या जोडीने दाबल्या आणि मदरबोर्डच्या मागून चारही आरपार आल्यात का ते पाहिलं. हे पाहाच, एक पिन अर्धवट बसली तरी सगळी मेहनत वाया जाते.

आता तोच गेम ७५ अंशांच्या आसपास चालतो.